जहाजांवर जगणारा देश

(सिनेगॉगच्या वर्धापनदिनानिमित्त ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या सभासदांच्या सिडनी येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला धर्मावर, चालीरीतींवर आणि समाजाच्या इतिहासावर बोलणारी जाणकार मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. मला मात्र कमिटीने सांगितले, "तुम्ही नऊ वर्षे मुंबईच्या गोदीत काढलीत आणि इथे आल्यावर पंचवीस वर्षे मालवाहतुकीच्या कचेरीत. तेव्हा तुम्ही जहाजांवर बोला." कमिटीची आज्ञा मोडायची नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. म्हणून उभा आहे.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. आपण ज्या देशात राहतो तो देश जहाजांवर जगतो. पण ती जहाजे आता त्याची राहिलेली नाहीत, आणि जहाजांवर राबणारी माणसे तर कोणाला दिसतच नाहीत. त्या माणसांत आपल्या किनाऱ्यावरचीही माणसे असतात. ती निदान आपल्याला तरी दिसावीत, एवढ्यासाठी हे भाषण.

आपले आणि समुद्राचे नाते नव्याने सांगायला नको. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही हकीकत आजीच्या मांडीवर बसून आपण सर्वांनी ऐकली आहे. पुढे आंग्र्यांच्या आरमारात आपले लोक होते. आरोन चुरीकर यांचे नाव आपल्या इतिहासात आदराने घेतले जाते. मुंबईत मशीद बंदर हे स्टेशन आपल्या जुन्या मशिदीच्या नावावरून ओळखले जाऊ लागले, असे जुनी माणसे सांगत. एका नावात प्रार्थनेची जागाही आली आणि बंदरही आले.

ज्यांचे बालपण कुलाबा जिल्ह्यात किंवा रत्नागिरीकडे गेले त्यांना आगबोट आठवत असेल. भाऊच्या धक्क्यावरून रेवस, धरमतर. पुढे दक्षिणेला मुरूड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. बऱ्याच ठिकाणी धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून उतारू, ट्रंका, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या सगळे तिच्यापर्यंत न्यायचे. पडाव लाटेवर वर चढला की खलाशी दंडाला धरून ओढून घेत. पावसाळ्यात लांबच्या बोटी बंद असत. आणि १७ जुलै १९४७ चा दिवस अलिबागकडचे कोणी विसरणार नाही. त्या दिवशी सकाळी रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या माणसाला समुद्र पोटाला देतो आणि घरातले माणूसही नेतो, हे कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

आता ऑस्ट्रेलियाकडे वळू. २६ जानेवारी १७८८ रोजी अकरा जहाजांचा पहिला काफिला सिडनी कोव्हमध्ये नांगरला, हे आपल्या नातवंडांना शाळेत शिकवतात. पण त्यानंतरची एक गोष्ट शाळेत फारशी सांगत नाहीत. ही नवी वसाहत उपाशी मरायला टेकली तेव्हा तिला अन्न कोठून आले? हिंदुस्थानातून. १७९२ साली 'अटलांटिक' नावाचे जहाज कलकत्त्याहून धान्य घेऊन सिडनीला आले. त्यात तांदूळ होता, सोजी होती आणि डाळ होती. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या वृत्तांतात 'सोजी' आणि 'डाळ' हे शब्द तसेच लिहून ठेवले आहेत. गोऱ्या शिपायांना आणि कैद्यांना ते अन्न फारसे रुचले नाही. तरीपण सिडनीत डाळभात आपल्या आधी दोनशे वर्षे पोचला होता, हे आपल्या बायकांना ऐकून बरे वाटेल.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. नोव्हेंबर १७९६ मध्ये कलकत्त्याहून 'सिडनी कोव्ह' नावाचेच एक जहाज निघाले. कॅम्पबेल आणि क्लार्क या व्यापारी पेढीने रम, तांदूळ, चहा, कापड असा माल भरून ते विक्रीसाठी पाठवले होते. जहाजावरचे बहुतेक खलाशी हिंदी होते. त्यांना इंग्रज 'लास्कर' म्हणत. वाटेत जहाजाला गळती लागली. पंप मारून मारून माणसे थकली, काही मेली. शेवटी फेब्रुवारी १७९७ मध्ये टास्मानियाच्या उत्तरेला एका बेटाजवळ कप्तानाने जहाज उथळ पाण्यात लावले. आज त्या बेटाला प्रिझर्वेशन आयलंड म्हणतात.

तेथून मदत आणायला सतरा माणसे मोठ्या होडीतून निघाली. पाच युरोपियन आणि बारा हिंदी. ती होडीही व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर फुटली. मग ही माणसे सिडनीच्या दिशेने चालू लागली. सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर, रस्ता नाही, नकाशा नाही, अंगावर धड कपडे नाहीत. वाटेत काही ठिकाणी मूळ रहिवाशांनी त्यांना मासे दिले, आपल्या होड्यांतून नद्या ओलांडून दिल्या. काही ठिकाणी झगडेही झाले. दोन महिने चालल्यावर मे महिन्यात सिडनीच्या दक्षिणेला वॉटामोला येथे एका मासेमारी होडीने त्यांना पाहिले. तेव्हा तिघेच उरले होते: क्लार्क, एक गोरा खलाशी आणि एक हिंदी खलाशी.

या चालण्यातून ऑस्ट्रेलियाला काय मिळाले ते पाहा. क्लार्कने वाटेत किनाऱ्याच्या कड्यात कोळसा पाहिला, त्या जागेला आज कोलक्लिफ म्हणतात. फुटलेल्या जहाजावरची माणसे आणि माल आणायला ज्या फेऱ्या झाल्या त्यांतून मॅथ्यू फ्लिंडर्सला त्या पाण्याची ओळख झाली, आणि १७९८-९९ मध्ये बास आणि फ्लिंडर्स यांनी टास्मानिया हे वेगळे बेट आहे हे सिद्ध केले. मधल्या सामुद्रधुनीमुळे जहाजांचा वळसा वाचला. कॅम्पबेल पेढीचा रॉबर्ट कॅम्पबेल १७९८ मध्ये सिडनीला आला आणि त्याने येथे धक्का आणि गोदाम उभे केले. आज सर्क्युलर कीच्या बाजूला कॅम्पबेलच्या नावाची जी जुनी दगडी गोदामे दिसतात, ती त्याच व्यापाराची पुढची वाढ. क्लार्कचे नाव इतिहासात राहिले. कॅम्पबेलला तर सिडनीच्या व्यापाराचा जनक म्हणतात. त्या हिंदी खलाशाला मात्र इतिहास 'एक लास्कर' एवढेच म्हणतो.

हा व्यापार एकतर्फी नव्हता. १७९९ साली न्यूकॅसलहून बंगालला कोळसा गेला. या वसाहतीने परदेशी पाठवलेला तो पहिला माल मानतात. पुढे शंभर वर्षे न्यू साउथ वेल्सचे घोडे जहाजांतून हिंदुस्थानी फौजेसाठी जात. त्यांना 'वेलर' म्हणत. आपल्या आजोबा-पणजोबांत पलटणीत सुभेदार, जमादार झालेले पुष्कळ होते, त्यांना हे नाव ओळखीचे असणार.

एकोणिसाव्या शतकात या देशात रस्ते थोडे आणि आगगाड्या तुटक होत्या. वसाहतींच्या रुळांची रुंदीसुद्धा सारखी नव्हती. म्हणून खरा हमरस्ता होता समुद्र. अॅडलेड स्टीमशिप, हडार्ट पार्कर, हॉवर्ड स्मिथ अशा कंपन्यांच्या बोटी ब्रिस्बेनपासून पर्थपर्यंत माणसे, लोकर, साखर, कोळसा नेत. पर्थला जाणारी आगगाडी १९१७ मध्ये पुरी झाली. तोवर सिडनीच्या माणसाला पर्थला जायचे तर बोटच. आणि आपल्या रामदाससारखी त्यांचीही एक बोट आहे. २३ मार्च १९११ रोजी 'योंगाला' ही बोट क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडाली. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे पुढे वादळ आहे हे तिला कळवता आले नाही. १२२ माणसांपैकी एकही वाचले नाही.

आता जरा नाजूक विषयाकडे येतो. समुद्र सर्वांचा असतो, पण धक्का सर्वांचा नसतो. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटी मुंबईहून कोलंबोमार्गे फ्रीमँटल, मेलबर्न, सिडनीला येत. त्यांच्या डेकवरचे खलाशी पुष्कळदा रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, सलूनमधले स्टुअर्ड गोव्याचे, इंजिनाजवळ पंजाबी आणि पठाण. त्या इंग्रजी बोटींवर हुद्द्यांची नावे आपलीच होती. डेकवरच्या खलाशांचा प्रमुख 'सारंग', त्याच्या हाताखाली 'तांडेल', चाकावर 'सुकाणी', स्वयंपाकाला 'भंडारी'. लंडनच्या साहेबालासुद्धा हे शब्द पाठ करावे लागत.

१९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले आणि पहिल्याच वर्षी दोन कायदे झाले. एकाने गोऱ्यांशिवाय इतरांना देशात येण्यास बंदी घातली. त्यासाठी श्रुतलेखनाची परीक्षा ठेवली होती, तीही कोणत्याही युरोपियन भाषेत. अधिकाऱ्याच्या मनात नसेल तर पास होणे अशक्य. दुसरा कायदा टपालाचा. ज्या कंपनीला टपालाचा ठेका द्यायचा, तिच्या बोटींवर फक्त गोरेच कामगार असावेत असे त्यात लिहिले. पी. अँड ओ. ने आपले हिंदी खलाशी काढले नाहीत. त्यात दयाबुद्धी किती आणि कमी पगाराचा हिशोब किती, हे मी गोदीतला माणूस म्हणून चांगले जाणतो. येथील कामगार संघटनांचे म्हणणेही सर्वस्वी खोटे नव्हते: स्वस्त मजूर आणून कंपन्या सर्वांचेच पगार पाडतात. पण त्यांनी कंपनीच्या लोभाशी भांडताना खलाशाच्या कातडीशी भांडण मांडले. त्याचा परिणाम आपण जाणतो. परीक्षेची पद्धत १९५८ मध्ये गेली, १९६६ मध्ये दार थोडे उघडले आणि १९७३ मध्ये वर्णाचा प्रश्न कायद्यातून निघाला. आपल्यापैकी बहुतेकांचे येणे त्यानंतरचे.

तरी याच सिडनीत एक वेगळी गोष्टही घडली, ती सांगितलीच पाहिजे. १९४५ च्या सप्टेंबरपासून इंडोनेशियाचे स्वातंत्र्य दडपायला डच जहाजे येथून शस्त्रे घेऊन निघत होती. ऑस्ट्रेलियन गोदी कामगारांनी त्या जहाजांवर बहिष्कार टाकला. डचांनी हिंदी खलाशी भरती केले. त्यांनाही जेव्हा खरे कळले तेव्हा त्यांनी बोटी सोडल्या. गोरे, हिंदी, इंडोनेशियन, चिनी कामगार एकाच धक्क्यावर एकत्र उभे राहिले. योरिस इव्हेन्स या दिग्दर्शकाने १९४६ मध्ये 'इंडोनेशिया कॉलिंग' या लघुपटात हे टिपले आहे. मिळाला तर जरूर पाहा.

आणखी एक योगायोग. 'मनूरा' ही अॅडलेड स्टीमशिप कंपनीची किनारी बोट लढाईत नौदलाने घेतली होती. तीच बोट १९४७ मध्ये मुंबईहून सातशेहून अधिक अँग्लो-इंडियन मंडळींना घेऊन फ्रीमँटलला पोचली. तारीख होती १५ ऑगस्ट! मुंबईत तिरंगा चढत होता आणि इकडे मुंबईची माणसे नव्या देशात उतरत होती.

सिडनीच्या फेरीबोटींबद्दल थोडे बोलतो, कारण आपल्यातील ज्येष्ठांना तेवढीच काय ती जलवाहतूक रोज दिसते. येथील पहिली फेरी १७८९ मध्ये बांधलेली 'रोझ हिल पॅकेट'. ती सिडनीहून पॅरामॅटाला जायची. वाऱ्यावर आणि भरती-ओहोटीवर चालायची, म्हणून एका फेरीला कधी कधी आठवडा लागे. लोकांनी तिला 'लंप', म्हणजे गोळा, असे नाव ठेवले होते. १८३१ मध्ये वाफेच्या बोटी आल्या आणि फेरीचा धंदा वाढला. १९ मार्च १९३२ रोजी हार्बर ब्रिज उघडला आणि उतारू निम्म्याहून कमी झाले. सर्वांना वाटले, आता फेरी संपली. पण ती संपली नाही. १९५१ मध्ये सरकारने ती चालवायला घेतली, आणि मॅन्लीची मार्गिका १९७४ मध्ये घेतली. आज पुलावरून मोटारी जातात, खालून रेल्वे जाते आणि पाण्यावरून फेरीही जाते. मुंबईतही २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी रो-रो बोट सुरू झाली आणि २०२४ मध्ये अटल सेतू उघडला. पूल झाला म्हणून पाण्याची वाट बंद करू नये, हा सिडनीचा धडा आपल्या गावकऱ्यांच्याही उपयोगी पडावा. युद्धात तर येथील फेरीनेही प्राण दिले: १९४२ च्या ३१ मे आणि १ जून दरम्यानच्या रात्री जपानी पाणबुड्या बंदरात शिरल्या, तेव्हा नौसैनिकांचे निवासस्थान झालेली 'कुट्टाबूल' ही जुनी फेरी बुडाली आणि २१ नौसैनिक गेले.

आता मुख्य मुद्दा. वजनाने मोजले तर या देशाच्या परदेशी व्यापारातला ९९ टक्क्यांहून जास्त माल समुद्रमार्गे जातो-येतो. पश्चिमेला पोर्ट हेडलंड या एका बंदरातून वर्षाला पन्नास कोटी टनांहून अधिक माल, मुख्यतः लोहखनिज, बाहेर जातो. तेथे भरती-ओहोटीचा फरक सात मीटरच्या आसपास. मोठी जहाजे भरून तयार असतात आणि भरती आली की एकामागून एक निघतात. रेवसचा तांडेल जसा भरतीची वाट पाहायचा तसाच. फक्त तेथे एका जहाजात दोन-अडीच लाख टन माल असतो.

पण ही जहाजे कोणाची? मालक एका देशाचा, नोंदणी पनामा, लायबेरिया किंवा मार्शल बेटांची, खलाशी फिलिपिन्सचे, हिंदुस्थानचे, चीनचे, आणि माल ऑस्ट्रेलियाचा. असा झेंडा घेतला की कर कमी, पगार कमी, कायदा ढिला. ऑस्ट्रेलियाने पूर्वी स्वतःची जहाजे ठेवण्याचा प्रयत्न केला. १९१२ चा जलवाहतूक कायदा झाला, आणि त्यातली किनारी व्यापाराची कलमे १९२१ मध्ये लागू झाली. देशाच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा असेल, तर येथील पगार द्या आणि परवाना घ्या, असा त्याचा अर्थ. १९५६ मध्ये सरकारी ऑस्ट्रेलियन नॅशनल लाइन निघाली. व्हायाला, न्यूकॅसल, कॉकाटू बेट येथे जहाजे बांधली जात. आपल्याकडेही वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी सिंधिया कंपनी काढली. तिचे 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून तिला बुडवायचा प्रयत्न केला. आपला किनारा आपल्या जहाजांसाठी असावा ही मागणी दोन्ही देशांत होती.

आणि एक गंमत अशी की ज्या शोधाने जहाजांचे जग बदलले त्यात ऑस्ट्रेलिया पुढे होता. १९६४ मध्ये न्यूकॅसलच्या सरकारी गोदीत बांधलेले 'कुरिंगा' हे जहाज मेलबर्न-फ्रीमँटल मार्गावर आले. फक्त पेट्या, म्हणजे कंटेनर, वाहण्यासाठीच मुळापासून बांधलेले ते जगातले पहिले जहाज असे मानतात. मी मुंबईच्या गोदीत होतो तेव्हा एक बोट रिकामी करायला दहा-बारा दिवस सहज लागत. पोते, गाठोडे, पिंप, एकेक आकड्याने उचलायचे. कंटेनर आला आणि तेच काम दिवसावर आले. हमालाचे कंबरडे वाचले, पण त्याची नोकरी गेली. डार्लिंग हार्बरजवळ हिक्सन रोडला 'हंग्री माईल' म्हणत. मंदीच्या काळात गोदी कामगार या धक्क्यावरून त्या धक्क्यावर कामासाठी उपाशी फिरत, म्हणून ते नाव. आज तेथे बारांगारूचे उंच मनोरे आणि महागडी हॉटेले आहेत.

स्वतःच्या जहाजांचे काय झाले? खर्च जास्त, रस्त्यावरचे ट्रक स्वस्त, परक्या जहाजांना तात्पुरते परवाने सोपे. व्हायालाची गोदी १९७८ मध्ये, न्यूकॅसलची १९८७ मध्ये बंद झाली. कॉकाटूचीही पुढे झाली. १९९८ मध्ये नॅशनल लाइन फ्रेंच कंपनीला विकली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोदी कामगारांना रात्रीतून काढून टाकल्याचे मोठे प्रकरण झाले, आणि ते हायकोर्टापर्यंत गेले. आज ऑस्ट्रेलियाच्या झेंड्याखालील मोठी व्यापारी जहाजे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. टास्मानियाला जाणारी 'स्पिरिट ऑफ टास्मानिया' आहे. ती २०२२ पासून मेलबर्नऐवजी जिलाँगहून सुटते. होबार्टची इनकॅट कंपनी अॅल्युमिनियमच्या फेरीबोटी जगभर पाठवते. १९९० मध्ये तिच्या बोटीने अटलांटिक ओलांडण्याचा वेगाचा मान मिळवला आणि २०२५ मध्ये तिने बॅटरीवर चालणारी मोठी फेरी पाण्यात उतरवली. म्हणजे हात आहेत, डोके आहे. पण आपल्या मालासाठी आपली जहाजे नाहीत.

हे धोक्याचे आहे का? आहे. २०२१ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने बंद झाले आणि देशात दोनच उरले, जिलाँग आणि ब्रिस्बेन. बाकीचे पेट्रोल-डिझेल परक्या टँकरमधून येते. उद्या कोठे युद्ध पेटले आणि परक्या मालकाने जहाजे दुसरीकडे वळवली, तर येथील दुकानात औषधसुद्धा वेळेवर येणार नाही. सरकारलाही हे समजले आहे. २०२२ मध्ये त्याने एक समिती नेमली, आणि आणीबाणीत हाक मारता येतील अशी बारापर्यंत जहाजे ऑस्ट्रेलियन झेंड्याखाली असावीत असा विचार पुढे आला. भारताचे फार वेगळे नाही. त्याचाही परदेशी व्यापार बहुतांशी परक्या जहाजांवरच चालतो.

पण मला जहाजांपेक्षा माणसांची काळजी जास्त वाटते. जून २०२० मध्ये मुंबईच्या ग्रेट ईस्टर्न कंपनीचे 'जग आनंद' हे जहाज ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर पोचले. ऑस्ट्रेलिया आणि चीन यांचे बिनसले होते. चीनने माल उतरवू दिला नाही, आणि कोरोनाचे कारण सांगून खलाशांना बदलूही दिले नाही. २३ हिंदी खलाशी सात महिने समुद्रात अडकून पडले. जानेवारी २०२१ मध्ये जपानला जाऊन त्यांची सुटका झाली. 'अनास्तासिया' नावाच्या दुसऱ्या जहाजावर आणखी १६ हिंदी खलाशी असेच अडकले होते. १७९९ मध्ये न्यूकॅसलचा कोळसा बंगालला गेला तेव्हा सुरू झालेली गोष्ट ही अशी येथवर आली. भांडण दोन सरकारांचे, कोळसा तिसऱ्याचा आणि शिक्षा कोकण-केरळ-पंजाबच्या पोरांना. २०२० च्या अखेरीस जगभर सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही बोटीवरच अडकले होते. आपण त्यावेळी घरात बसून भांडत होतो की दुकानात टॉयलेट पेपर का नाही!

आजचा खलाशी बंदरात आला तरी त्याला गाव दिसत नाही. कंटेनरचे जहाज दिवस-दीड दिवसात निघते. पोर्ट बॉटनी शहरापासून दूर. तेथे सारंग, तांडेल हे शब्द आता कमी ऐकू येतात, पण माणसे तीच आहेत. त्यांच्यासाठी 'मिशन टू सीफेरर्स' आणि 'स्टेला मॅरिस' या संस्था बंदराजवळ केंद्रे चालवतात. त्यांची छोटी गाडी धक्क्यापर्यंत जाते, खलाशांना बाजारात नेते, घरी फोन लावायला सिमकार्ड देते, हिवाळ्यात लोकरीच्या टोप्या देते. या ख्रिस्ती संस्था आहेत, पण तेथे येणाऱ्या खलाशाला धर्म विचारत नाहीत. सिडनी, न्यूकॅसल, पोर्ट केम्बला, मेलबर्न येथे अशी कामे चालतात.

माझी कमिटीला आणि आपणा सर्वांना विनंती आहे. आपण निवृत्त माणसे आहोत. ज्येष्ठांच्या गोल्ड ओपल कार्डावर अगदी थोडक्या पैशांत दिवसभर फिरता येते. महिन्यातून एखादा दिवस आपल्यापैकी दोघा-तिघांनी अशा केंद्रावर जाऊन बसावे. ज्या भगिनींना विणकाम येते त्यांनी टोप्या विणाव्यात. एखादा मुलगा दापोलीचा, गुहागरचा, मालवणचा निघेल. त्याच्याशी मराठीत चार शब्द बोलावेत, "जेवलास का रे बाबा?" एवढे विचारावे. नऊ महिने ज्याने आपली भाषा ऐकली नाही त्याला त्याची किंमत कळते.

आपल्या रीतीत, समुद्र ओलांडून सुखरूप पोचलेल्या माणसाने मंडळीपुढे उभे राहून हागोमेलची बराखा म्हणायची असते. आभार मानायचे असतात अशा चार प्रकारच्या लोकांत आपल्या ज्ञानी लोकांनी समुद्रप्रवाशाला पहिले स्थान दिले आहे. आपल्यापैकी कितीतरी जण बोटीने आणि विमानाने समुद्र ओलांडून आले आणि ती बराखा म्हणून मोकळे झाले. ज्यांना दर महिन्याला समुद्र ओलांडावा लागतो, त्यांच्यासाठी आपल्याकडून एवढे झाले तरी पुष्कळ.

जमिनीवर आणि पाण्यावर प्रवास करणाऱ्या सर्वांचे परमेश्वर रक्षण करो.